बाळागोळीचा गुन्हेगार कोण?

व्यसनाचा विषय निघाला की आपल्याकडे माणसाचे संस्कार काढले जातात, आणि माणूस वस्तीतला असेल तर थेट जात. आम्ही विचारतो, सहा महिन्यांच्या तान्ह्या बाळाचे कोणते संस्कार बिघडले होते?

मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी केली. ती 1922 च्या 'लेबर गॅझेट'मध्ये छापली गेली. या स्त्रियांच्या 98 टक्के मुलांना अफू दिली जात होती! त्या गोळीचे नाव बाळागोळी. कायद्यानेच स्त्रियांना दिवसाला 11 तासांपर्यंत राबवण्याची मुभा होती. रजा घेतली तर मजुरी बुडणार, खोलीत बाळाला बघायला कोणी नाही. आईने काय करायचे होते?

अफूने बाळ झोपते, पण त्याची भूकही मरते. अंग वाळते, मात्रा चुकली तर श्वास मंदावत थांबतो. शरीर सरावले की तेवढी गोळी पुरत नाही, आणि बंद केली की बाळ थरथरते, किंचाळते, जुलाब होतात. आई बिचारी पुन्हा गोळी देते. व्यसन म्हणतात ते हेच. त्यात नीतीचा प्रश्न कुठे आला?

आणि अफू विकत कोण होते? सरकारी परवान्याची दुकाने. बाबासाहेबांनी 1915 साली कोलंबियात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला, त्यात कंपनीच्या उत्पन्नात अफूही आहे. 1895 साली शाही अफू आयोगाने तर बंदीची गरज नाही असाच निर्वाळा दिला.

28 जुलै 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून मुख्य भार सरकारने उचलावा. पण मालक स्त्रियांना कामावर ठेवतो तो स्वतःच्या फायद्यासाठी, तेव्हा त्यालाही सुटका नाही, असे त्यांचे म्हणणे. 1929 साली कायदा झाला. बाळागोळीवरचा खरा उपाय आम्हाला इथे दिसतो. आईला उपदेश करणारे तेव्हाही पुष्कळ होते.

आज ब्राऊन शुगरच्या रुग्णाला मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन देता येते. त्याने मृत्यूचा धोका बराच घटतो. तरी अनेक घरे त्याला कोंडून शपथ घ्यायला लावतात. महिनाभर कोंडल्यावर शरीराची सवय सुटलेली असते. बाहेर येऊन त्याने जुनीच मात्रा घेतली की जीव जातो, आणि लोक म्हणतात, सुधारलाच नाही.

1948 च्या कारखाना कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले, तेही 50 पेक्षा जास्त स्त्रिया असतील तिथेच. घरकाम करणाऱ्या आमच्या बाईचे मूल त्या कायद्यात नव्हतेच.