ऑनलाइन विपणन व विक्री

ऑनलाइन विपणन व विक्री : इंटरनेटवरून गिऱ्हाईक शोधणे, त्याला मालाची वा सेवेची माहिती देणे, पैसे स्वीकारून माल घरपोच करणे आणि पुढेही त्याच्याशी संबंध राखणे, या सगळ्या व्यवहाराला हे नाव आहे. दुकानात गिऱ्हाईक माल हाताळते, वास घेते, घासाघीस करते. इथे मालाला हात लावता येत नाही आणि विकणाराही समोर नसतो. या विषयावर तत्त्वांच्या लांबलचक याद्या निघाल्या आणि विसरल्याही गेल्या. जी तत्त्वे टिकली, ती बहुतेक याच एका उणिवेची भरपाई करण्याच्या खटपटीतून आलेली आहेत.

न मागता गळ्यात पडणारी जाहिरात ही वेबपेक्षाही जुनी गोष्ट. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकगठ्ठा धाडले. लोक चिडले, तक्रारी झाल्या. त्यातून मोठी विक्री झाल्याचे मात्र थुर्क पुढे सांगत राहिले. वेबवरच्या पट्टी-जाहिराती ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘हॉटवायर्ड’ या नियतकालिकाने सुरू केल्या. त्यांतल्या एटी अँड टीच्या जाहिरातीवर पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनी क्लिक केल्याचे सांगतात. तो नवलाईचा भर होता. आज अशा पट्टीवर शंभरातला एकही क्वचितच क्लिक करतो, कारण ती डोळ्यांसमोर असूनही वाचकाला दिसेनाशी झाली आहे. सेथ गोडिन यांनी १९९९ मध्ये ‘परमिशन मार्केटिंग’ या पुस्तकात मांडलेला विचार यावरचा उतारा होता : ज्याने स्वतःहून नाव-पत्ता दिला त्यालाच कळवावे, आणि जे सांगून परवानगी घेतली तेवढेच कळवावे.

दुसरी वाट शोधयंत्राची. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या शोधयंत्राने शब्दांचा लिलाव सुरू केला. जाहिरातदाराने पैसे मोजायचे ते क्लिक झाले तरच. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ आणले आणि २००२ मध्ये लिलावात एक महत्त्वाची भर घातली : जाहिरातीची जागा केवळ बोलीवर ठरणार नाही, लोक तिच्यावर किती प्रमाणात क्लिक करतात हेही धरले जाईल. त्यामुळे शोधणाऱ्याच्या कामाची जाहिरात कमी बोलीतही वर येऊ लागली. शोधणाऱ्याचे शब्दच त्याची निकड सांगतात. नुसते ‘हापूस’ टंकणारा कदाचित चित्र शोधत असेल. ‘देवगड हापूस पाच डझन पेटी पुणे घरपोच’ टंकणाऱ्याने पैसे काढलेलेच असतात. छोट्या विक्रेत्याने पहिल्या शब्दावर पैसे उधळू नयेत.

पानावर आलेला माणूस वाचत नाही, चाळतो. जेकब नील्सन यांच्या १९९७ च्या पाहणीत ७९ टक्के लोक नवे पान वरवर चाळताना आढळले. शब्दन्‌शब्द वाचणारे १६ टक्केच होते. म्हणून मुद्दा आधी, विशेषणे नंतर, किंबहुना नकोतच. कोकणातल्या बागायतदाराचे आंब्याचे पान घ्या. ‘उत्कृष्ट, रसाळ, अस्सल’ हे शब्द कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून खपवणाराही लिहितोच. गिऱ्हाइकाला हवे असते ते वेगळे : एका फळाचे वजन किती ग्रॅम, पेटीत किती डझन, फळ कधी उतरवले, अढीत गवतावर पिकवले की कसे, हाती पडेल तेव्हा कच्चे असेल की तयार, कुठल्या पिन कोडला किती दिवसांत पोहोचेल, आणि कापल्यावर साका, म्हणजे आतला गर खराब, निघाला तर काय. हा शेवटचा प्रश्न टाळण्याकडे बहुतेकांचा कल असतो. साका बाहेरून दिसत नाही हे खाणाऱ्यालाही ठाऊक असते. ‘फोटो पाठवा, तेवढी फळे बदलून देऊ’ हे एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा जास्त पेट्या विकते. पैठणीचेही तसेच. हातमागाच्या पदराची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते, म्हणून जाणकार विक्रेता उलट्या बाजूचा फोटो हटकून टाकतो.

विक्रेत्याचा शब्द एकतर्फी असतो, तेव्हा तिसऱ्याची साक्ष लागते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या, पुढे ईबे म्हणून ओळखल्या गेलेल्या लिलावस्थळावर पियेर ओमिद्यार यांनी १९९६ मध्ये खरेदीदार व विक्रेते यांनी एकमेकांना शेरे देण्याची सोय केली. अनोळखी माणसांत उधारी-उसनवारीइतका भरवसा त्यातून उभा राहिला. शेऱ्यांना किंमत आली तसे विकतचे शेरेही आले. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानक काढले ते त्यामुळेच. मालाच्या अस्सलपणाची साक्ष वेगळ्या मार्गानेही देता येते : रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर आणले.

भारतात पैशांच्या बाबतीतला अविश्वास फ्लिपकार्टने वळसा घालून सोडवला. २००७ मध्ये बंगळूरुत पुस्तकविक्रीने सुरू झालेल्या या कंपनीने २०१० मध्ये माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय केली. ती विक्रेत्याला महाग पडते, कारण पेटी परत आली तर दोन्हीकडचे भाडे त्याच्याच माथी. २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर आगाऊ पैसे देणे सोपे झाले, तरी माल हाती आल्यावरच पैसे देण्याची सवय मोडलेली नाही. पैसे देण्याच्या पायरीपर्यंत मोठी गळती होते. जगभरच्या पाहण्यांच्या सरासरीने ऑनलाइन टोपलीत टाकलेल्या खरेदीपैकी सुमारे ७० टक्के अर्धवट सुटते. वाहतूकखर्च अगदी शेवटी दाखवणे हे त्याचे एक मोठे कारण. या पायऱ्याच कमी करणाऱ्या एका क्लिकच्या खरेदीवर अ‍ॅमेझॉनने १९९९ मध्ये अमेरिकी पेटंट मिळवले, ते २०१७ पर्यंत चालले.

मोजमाप हे या माध्यमाचे खास बळ मानले जाते. एकाच पानाचे दोन अवतार वेगवेगळ्या लोकांना दाखवून कोणता चालतो हे पाहतात. बराक ओबामा यांच्या २००८ च्या प्रचारमोहिमेत नावनोंदणीच्या पानाच्या २४ जुळण्या तपासल्या. कार्यकर्त्यांचा जीव ज्या चित्रफितींवर होता त्या साध्या छायाचित्रांपुढे हरल्या. मात्र दिवसाला पाच-सहा मागण्या येणाऱ्याने असले प्रयोग करणे फोल आहे. एवढ्या आकड्यांतून योगायोगच हाती लागतो. त्याने फोन करून गिऱ्हाइकालाच विचारावे.

मोठ्या बाजारस्थळावर गिऱ्हाईक आयते मिळते, पण त्याचा फोन नंबर बाजारस्थळाकडेच राहतो आणि दलालीचा दर तेच ठरवते. मागच्या हंगामातल्या गिऱ्हाइकांची व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी ही म्हणूनच बागायतदाराची खरी मिळकत असते.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिन्याच्या आत करणे बंधनकारक आहे; संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणे निषिद्ध आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या मांडणीचे १३ प्रकार नोंदवले. खोटी घाई, न विचारता टोपलीत घातलेली वस्तू, टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी किंमत, सहज सुरू होणारी पण बंद न होणारी वर्गणी हे त्यांतले नेहमी आढळणारे. ही तत्त्वे बाजारस्थळांबरोबरच विक्रेते व जाहिरातदार यांनाही लागू आहेत.