उबेची किंमत

आपल्या किनारपट्टीवर थंडी ही पाहुणी असते. नाताळच्या सुमारास ती येते, पहाटेच्या मिस्सेला जाताना खांद्यावर शाल घ्यायला लावते, अंगणात पालापाचोळ्याची शेकोटी पेटवायला लावते आणि फेब्रुवारी सरण्यापूर्वी निरोप घेते. घर तापवण्यासाठी दरमहा पैसे मोजावे लागतात ही कल्पनाच आपल्या वाडवडिलांना नव्हती. परंतु आज आपल्या कितीतरी कुटुंबांतील मुले-मुली कॅनडात, इंग्लंडमध्ये, जर्मनीत संसार थाटून आहेत. तेथील पहिला हिवाळा गेला की घरी येणाऱ्या फोनवर बर्फाच्या कौतुकापाठोपाठ घर तापवण्याच्या बिलाची तक्रारही ऐकू येते. ती तक्रार नवी नाही. थंड देशांतील माणूस शतकानुशतके हेच गणित सोडवीत आला आहे : कमी सरपणात अधिक ऊब कशी मिळवावी? या गणिताचा इतिहास म्हणजे एका अर्थी माणसाच्या माणुसकीचाही इतिहास आहे.

आरंभ मठापासून करू. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या व्रतस्थांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या पंचावन्नाव्या अध्यायात वस्त्रांचा विचार आहे. स्थानाचे हवामान पाहून वस्त्रे द्यावीत, थंड प्रदेशात अधिक द्यावीत, असा तो दंडक. खोली तापवण्याआधी अंग झाकावे, ही काटकसरीची पहिली पायरी झाली. आपल्याकडे काश्मीरचा शेतकरी फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसतो, तो हेच तत्त्व पाळतो : साऱ्या घराला नव्हे, माणसाला ऊब द्यावी.

पुढे मध्ययुगात उत्तर युरोपातील मठांमध्ये 'उबेची खोली' ही एक स्वतंत्र वास्तू रूढ झाली. सुमारे ८२० साली काढलेला संत गालच्या मठाचा प्रसिद्ध आराखडा आजही उपलब्ध आहे. त्यात व्रतस्थांच्या शयनगृहाखाली अशी खोली दाखवली असून ती तापवण्यासाठी बाहेर भट्टी आणि धुराला वेगळी वाट आहे. इंग्लंडमधील फाउंटन्स येथील सिस्टर्शियन मठाच्या अवशेषांतही ही खोली तिच्या प्रचंड शेकोटीसह पाहायला मिळते. तेथील अग्नी साधारणपणे सर्व संतांच्या सणाला पेटवला जाई आणि गुड फ्रायडेपर्यंत तेवत ठेवला जाई. स्वयंपाकघर सोडले तर धडधाकट व्रतस्थाला ऊब मिळण्याची ती एकच जागा. मात्र आजारी बंधूंच्या विभागात वेगळा अग्नी असे. सर्वांनी समान सोसावे आणि दुर्बळाला अधिक द्यावे, असा हा हिशेब होता. पुढील सर्व इतिहास या मापाने मोजून पाहण्याजोगा आहे.

सामान्य घरांत त्या काळी जमिनीच्या मध्यावर विस्तव असे आणि धूर छपरातून वाट काढी. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतही भिंतीतली शेकोटी आणि तिच्यावरचे धुरांडे आले. विल्यम हॅरिसन या धर्मगुरूने १५७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनात, नव्याने उभ्या राहिलेल्या धुरांड्यांची संख्या पाहून गावचे वृद्ध चकित होत असल्याचे नमूद केले आहे. धूर गेला खरा. परंतु त्याच्याबरोबर उष्णताही गेली. रुंद धुरांड्यातून तापलेली हवा वर निघून जाई आणि तिची जागा घेण्यासाठी दारा-खिडक्यांच्या फटींतून गार वारा आत ओढला जाई. शेकोटीसमोर बसलेल्याचे तोंड भाजे आणि पाठ गारठे. हे वैभवानेही टळत नसे. १६९५ च्या फेब्रुवारीत व्हर्सायच्या राजवाड्यात चौदाव्या लुईच्या भोजनाच्या मेजावरच प्याल्यांतील मद्य आणि पाणी गोठले होते. शेकोट्यांना आणि लाकडाला तेथे तोटा नव्हता. तोटा होता तो युक्तीला.

लाकूड मात्र सर्वत्र महाग होऊ लागले होते. लंडनकरांनी न्यूकॅसलहून समुद्रमार्गे येणाऱ्या कोळशाची कास धरली. त्यात १६६२ साली इंग्लंडच्या सरकारने घरातील प्रत्येक शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. अगदी गरीब घरांना सूट होती. पण तपासनीस घरात शिरून शेकोट्या मोजीत, याचा लोकांना विलक्षण तिटकारा होता. कर चुकवण्यासाठी पुष्कळांनी शेकोट्या बुजवल्या. ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल या गावी १६८४ साली मोठी आग लागली. एका भटारणीने करापासून सुटका व्हावी म्हणून आपल्या भट्टीचा धूर भिंत फोडून शेजाऱ्याच्या धुरांड्यात सोडला होता आणि त्यातून ती आग भडकली, असे सांगितले जाते. वीस घरे भस्मसात झाली आणि चार जीव गेले. १६८९ साली तो कर रद्द झाला. नाइलाजाने केलेली काटकसर किती घातक ठरू शकते, याचे हे जुने उदाहरण.

खरा उपाय विचारवंतांनी शोधला. फ्रांत्स केसलर या जर्मन चित्रकाराने १६१८ सालीच लाकूड वाचवण्याच्या कलेवर पुस्तक प्रसिद्ध केले होते. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ साली आपल्या नव्या लोखंडी शेकोटीची माहिती देणारी पुस्तिका छापली. शंभर वर्षांपूर्वी दाराशी मिळणारे सरपण आता काही नगरांना जवळजवळ शंभर मैलांवरून आणावे लागते, असे त्यांनी तीत दाखवून दिले. त्यांच्या रचनेत धूर एका पोकळ लोखंडी पेटीला वळसा घालून जाई आणि पेटीतील हवा तापून खोलीत परत येई. धुराला आधी खाली उतरावे लागत असल्याने ती पुष्कळदा नीट चाले ना आणि इतरांनी तिच्यात सुधारणा केल्या. परंतु फ्रँकलिन यांचे मोठेपण अन्यत्र आहे. गव्हर्नरांनी देऊ केलेला एकाधिकार त्यांनी नाकारला. दुसऱ्यांच्या शोधांचा आपण लाभ घेतो, तेव्हा आपला शोधही मुक्तहस्ते द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. लंडनच्या एका लोहाराने तीच कल्पना थोडी बदलून स्वतःच्या नावे करून घेतली आणि पैसा मिळवला, हेही त्यांनी आत्मचरित्रात शांतपणे नोंदवले आहे.

अमेरिकेतच १७५३ साली जन्मलेले बेंजामिन थॉम्पसन अगदी निराळ्या वाटेचे. स्वातंत्र्ययुद्धात ते इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले, पुढे बव्हेरियाच्या सेवेत गेले आणि काउंट रम्फर्ड झाले. १७९० च्या नववर्षदिनी त्यांनी म्युनिकच्या रस्त्यांवरील भिकारी एकत्र करून त्यांना उद्योगगृहात काम आणि गरम जेवण दिले. शेकडो माणसांसाठी रोज चूल पेटवताना उष्णता कुठे वाया जाते, हे त्यांच्या ध्यानी आले. उघड्या विस्तवाभोवती विटांचा बंदिस्त चुला बांधून त्यांनी सरपण वाचवले. नंतर १७९६ साली त्यांनी घरच्या शेकोटीचा विचार मांडला : धुरांड्याचा गळा सुमारे चार इंचांपर्यंत अरुंद करावा, शेकोटी उथळ करावी आणि तिच्या बाजू तिरप्या बांधाव्यात, म्हणजे विस्तवाची धग खोलीत फेकली जाईल. एखादा गवंडी थोड्या विटांत करील एवढेच हे काम. इंग्लंडच्या घराघरांत ते इतके पसरले की जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थॅंगर ॲबी' या कादंबरीतही रम्फर्डचे नाव आले.

स्वीडनने त्याहून पुढचे पाऊल आधीच टाकले होते. तेथे सरपणाची टंचाई पाहून शासनाने कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियन व्रेडे यांच्यावर काम सोपवले. त्यांनी १७६७ साली जी शेगडी मांडली, तिच्यात धूर विटांच्या पाच नळ्यांतून खालीवर फिरून मगच बाहेर पडे. विटा उष्णता पिऊन घेत. विस्तव विझल्यावर झडप बंद केली की बाहेरच्या चकचकीत फरशा कितीतरी तास मंद ऊब देत राहत. मोठी आग हवी असे नाही, उष्णता धरून ठेवणारे घर हवे, हा या साऱ्याचा मथितार्थ.

हा धडा विसरल्याची शिक्षाही इतिहासात आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके साचले. युद्धोत्तर काळात चांगला कोळसा निर्यात होई आणि घरोघरी हलका, गंधकयुक्त कोळसा जळे. तेव्हाच्या अंदाजाने सुमारे चार हजार माणसे दगावली. पुढील अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यांत वृद्ध आणि छातीचे रोगी अधिक होते. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. कोळसा स्वस्त होता. त्याची उरलेली किंमत दुर्बळांनी श्वासाने भरली.

पुढे १९७३ च्या तेलसंकटात पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांतच बारा डॉलरच्या घरात गेला. २ फेब्रुवारी १९७७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले आणि घराचे तापमान दिवसा ६५ व रात्री ५५ अंश फॅरनहाइट ठेवावे, असे त्यांनी जनतेला सांगितले. संत बेनेडिक्टांच्या पंचावन्नाव्या अध्यायाची आठवण व्हावी असाच तो उपदेश. त्याच वर्षी कॅनडातील रेजायना येथे जाड आवरणाच्या, हवाबंद भिंतींचे एक प्रायोगिक घर उभे राहिले. बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता ते आत येणाऱ्या हवेला देई, आणि त्यात नेहमीची भट्टीच नव्हती. १९९१ साली जर्मनीतील डार्मश्टाट येथे याच मार्गाने बांधलेल्या घरांना नेहमीच्या घराच्या सुमारे एक दशांश उष्णता पुरू लागली.

मग प्रश्न सुटला का? नाही. जाड भिंती आणि दुहेरी काचा यांना आधी पैसा लागतो. ज्याच्यापाशी तो नाही, तो फटींच्या भाड्याच्या घरात राहतो आणि कमी ऊब मिळूनही अधिक बिल भरतो. ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ साली 'इंधन-दारिद्र्या'वर पुस्तक लिहून हे मांडले : घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी ज्यांना उत्पन्नाच्या एक दशांशाहून अधिक खर्च करावा लागेल, ते इंधनाचे दरिद्री. श्रीमंताची काटकसर म्हणजे उधळपट्टी थांबवणे. गरिबाची काटकसर म्हणजे कुडकुडणे. दोहोंना एकच नाव देणे हा अन्याय आहे.

२०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपात वायूचे दर भडकले. जर्मनीत सरकारी कचेऱ्यांचे तापमान १९ अंश सेल्सियसवर आणले गेले. इंग्लंडमध्ये त्या हिवाळ्यात चर्चची सभागृहे आणि ग्रंथालये तापवून ठेवण्यात आली, ज्यांना घर तापवणे परवडत नाही त्यांनी तेथे येऊन बसावे म्हणून. एक सामायिक अग्नी आणि त्याभोवती सर्वांना जागा : हजार वर्षांपूर्वीची मठातील उबेची खोली पुन्हा उघडली.

परदेशी असलेल्या आपल्या लेकरांना आपण अवश्य सांगावे : फटी बुजवा, जाड पडदे लावा, घरातही लोकरी कपडे घाला. पण त्याबरोबर हेही सांगावे की त्यांच्या इमारतीत एखादे एकटे वृद्ध माणूस राहत असेल, तर थंडीच्या रात्री त्याचे दार एकदा ठोठावून पाहा. त्याने बचतीसाठी आपला हीटर बंद तर केला नाही ना, याची चौकशी करा. आजारी बंधूच्या खोलीतला अग्नी विझू नये, हा मठाचा नियम कोणत्याही शतकात, कोणत्याही देशात लागू आहे.