शिकारी रायफल, जुनी युरोपीय (ओळख)

पाटणसारख्या जंगलालगतच्या तालुक्यात, जुन्या वाड्याच्या माळ्यावरून अशी रायफल निघाली, तर आधी तिच्यात काडतूस नाही याची खात्री करावी. मग नळीखालचे ठसे पाहावेत. नळीवरचे ठळक नाव अनेकदा विकणाऱ्या दुकानाचे असते, कारागिराचे नव्हे. खरी कुंडली लाकडी दस्त्याआड दडलेली असते. लंबवर्तुळातील ‘ईएलजी’ ही अक्षरे बेल्जियममधील लीएज परीक्षागृहाची. मुकुटाखालचे ‘जी’ जर्मनीच्या १८९१ च्या कायद्याचे असून आटे पाडलेली नळी दर्शवते. शेजारी १७२.२८ असा आकडा दिसला, की माणूस गोंधळतो. ते मिलिमीटर नव्हेत. नळीच्या मापाच्या गोळ्या एका पौंड शिशात किती बसतील, ती संख्या आहे. म्हणजे नळी सुमारे ७.६ मिमी.

गंज दिसला तरी पॉलिश पेपर मुळीच लावू नये; ठसा पुसला, की इतिहासच गेला. बार काढून पाहण्याचा मोहही टाळावा, कारण काळ्या दारूसाठी घडवलेली नळी आधुनिक काडतुसाने फुटू शकते.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीला बंदी घातली. शस्त्र चालण्याजोगे असेल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो.