गिटारची मान : समायोजन

पोलादी तारांच्या ध्वनिक गिटारची लाकडी मान तारांच्या ताणाने पुढे झुकते. तो झोक योग्य मर्यादेत राखण्यासाठी मानेच्या गाभ्यात बसविलेला पोलादी गज, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून तिची वक्रता कमीजास्त करण्याची ही क्रिया होय. सहा तारांचा प्रचलित हलका संच सुरात लावला असता त्यांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोग्रॅमच्या घरात जातो. नायलॉनच्या तारांचा ताण त्याहून बराच कमी असल्याने अभिजात गिटारमध्ये बहुधा अशा गजाची तजवीज केलेली नसते.

तथापि मान अगदी सरळ असणे हेही इष्ट नव्हे. छेडलेली तार मध्यभागी सर्वाधिक रुंद आंदोलन घेते, म्हणून पडद्यांच्या पट्टीला किंचित खोलगटपणा लागतो. तो नाहीसा झाला की तार पडद्यांवर आपटून खरखरते, आणि वाढला की मधल्या पडद्यांवर बोटांना विनाकारण जोर पडतो.

मानेचे नियमन करण्याचा खटाटोप जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्नाचा कारागीर योहान गेऑर्ग श्टाउफर याच्या गिटारींत टाचेतला पेच घड्याळाच्या किल्लीने फिरवून मानेचा कोन बदलता येई. वक्रतेवर मात्र त्याने इलाज होत नसे. तो इलाज अमेरिकेतील गिब्सन कारखान्याच्या थॅडियस मॅकह्यू याने शोधला व १९२३ मध्ये त्यास पेटंट मिळाले. मार्टिन कंपनीने मात्र न फिरणाऱ्या मजबुतीवरच दीर्घकाळ भिस्त ठेवली, दुसऱ्या महायुद्धात पोलाद दुर्मीळ झाले तेव्हा आबनुसी पट्टीही वापरली, आणि समायोज्य गज १९८५ मध्ये स्वीकारला.

तपासणीसाठी वाद्य प्रथम नेहमीच्या सुरात लावावे, पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) चढवावा, जिथे मान धडास मिळते त्या, बहुधा चौदाव्या, पडद्यावर खर्जाची जाड तार दाबून धरावी आणि सातव्या पडद्यापाशी तिला बोटाने हलकेच टिचकी मारावी. तार व पडदा यांत ०.१ ते ०.३ मिलिमीटर फट असावी. टिचकीसरशी बारीकसा 'टक्' आवाज आला तर फट आहे, मुळीच न आला तर मान सरळ किंवा उलट वाकलेली आहे. गजाचा नट ध्वनिछिद्रातून किंवा खुंट्यांकडील झाकणाखाली सापडतो. योग्य मापाच्या किल्लीने तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यास झोक कमी होतो, उलट फिरविल्यास वाढतो. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, दर वेळी सूर पुन्हा लावून फट पाहावी, आणि नट अडून बसल्यास बळजबरी न करता वाद्य जाणत्या कारागिराकडे सोपवावे, कारण आटे गेलेला गज बदलण्यास पडद्यांची पट्टीच उखडावी लागते.

बाराव्या पडद्यावर तारा उंच झाल्या की गज आवळण्याची चूक सर्रास होते. तारांची उंची मुख्यतः सॅडल (ब्रिजवरची, तारांना टेकू देणारी पट्टी) आणि मानेचा कोन यांवर ठरते: सॅडल घासता येते, पण कोन बिघडल्यास मान व धड जोडणाऱ्या डव्हटेल सांध्यात वाफ सोडून मान उतरवून पुन्हा बसवावी लागते. टेलर कंपनीने १९९९ पासून बोल्ट व पातळ पाचरींची योजना करून हे काम पुष्कळच सुकर केले. तारा उंच होण्यामागे हवेचा दमटपणाही असू शकतो. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वरची फळी फुगून ब्रिज उचलला जातो व मानेचा काहीही दोष नसता तारा चढतात, तेव्हा आधी वाद्य पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह काही दिवस ठेवावे व मगच फट मोजावी.