शेकरू, साहेब आणि देवाचं रान

आम्हा लातूर-नांदेडकडच्या मंडळींना खार म्हणजे अंगणातली, पाठीवर पट्टे असलेली वीतभर खारुताई. औंढा, परळी आणि वेरूळ ही तीन ज्योतिर्लिंगं घरचीच, म्हणून मागे एकदा भीमाशंकरला गेलो, आणि गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर डोक्यावरच्या फांदीवरून काहीतरी पळालं. खार म्हणावी तर केवढी मोठी! तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पिवळसर पोट, झुपकेदार लांब शेपटी. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास मीटरभर. वाटेवर लिंबूपाणी विकणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या मान वर न करताच म्हणाल्या, "शेकरू हाय त्ये. तुमच्याकडं नसतंय व्हय?"

नसतंय! महाराष्ट्राचा राज्यप्राणी, पण आमच्याकडे तो फक्त सामान्यज्ञानाच्या पुस्तकात.

घरी आल्यावर वाचत बसलो. एर्क्सलेबन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1777 मध्येच या जातीला 'इंडिका' असं लॅटिन नाव दिलं होतं. पुढे कंपनी सरकारच्या फौजेतला विल्यम हेन्री साइक्स दख्खनची पाहणी करत फिरला. माणसं, पिकं, पाऊस मोजता मोजता त्याने पशुपक्षीही टिपले, आणि 1831 मध्ये सह्याद्रीतल्या शेकरूला नाव दिलं 'एल्फिन्स्टोनी'. कुणाचं? 1819 ते 1827 या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं! आपला मुलूख तेव्हा निजामाकडे, त्यामुळे साइक्ससाहेबाची मोजपट्टी इकडे काही आली नाही.

गंमत वाटते. डोंगरातले महादेव कोळी पिढ्यान् पिढ्या ज्याला ओळखत होते, त्याच्या नावात गव्हर्नर जाऊन बसला. आज काही शास्त्रज्ञ ही उपजात वेगळी मानतात, काही मानत नाहीत. मावशींचं 'शेकरू' मात्र तसंच आहे.

पण नावाने प्राणी वाचतो का? नाशिकच्या पलीकडे, गुजरातेतल्या डांगच्या जंगलात फिकट रंगाचं शेकरू होतं. 1897 मध्ये ब्लॅनफोर्डने त्यालाही रीतसर लॅटिन नाव दिलं. नाव पुस्तकात राहिलं. ते शेकरू आता तिथून नाहीसं झालं असं मानतात.

कारण शेकरूचं सगळं आयुष्य झाडावर. घरटं वर, खाणं वर, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं तेही वरच्या वर, वीसेक फुटांची झेप घेत. जमिनीवर ते सहसा उतरत नाही. मधली चार झाडं तोडली की त्याचा रस्ताच तुटला. भीमाशंकरला अभयारण्य झालं 1985 मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथली देवराई लोकांनी देवाच्या धाकाने राखली होती. सरकारी पाटी लागेपर्यंत तिथे राखण्याजोगं काही उरलं होतं, त्यात या धाकाचा वाटा मोठा.

असो. आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच. तरी गावोगावी म्हसोबाच्या, मरीआईच्या ठाण्याभोवती लिंब-चिंचेची जुनी झाडं अजून उभी आहेत. देवळाचा जीर्णोद्धार करताना, सभामंडप वाढवताना पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. गावाकडच्या मंडळींनो, पुढच्या वेळी वर्गणी देताना एवढं एक विचारा: झाडं ठेवणार आहात ना?