‘नॉर्मल’ क्रिएटिनिनवर हरकत

‘क्रिएटिनिन 1.1, म्हणजे किडनी ठणठणीत’ हे मत आज सिद्धांतासारखे वावरते. वालूरहून सेलू-परभणीला जाऊन रक्त तपासून घेणारा माणूस आपला आकडा रिपोर्टवरच्या मर्यादेत बसला की निश्चिंत होतो.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. ही मर्यादा निरोगी माणसांच्या तपासण्यांवरूनच ठरलेली असते. चाचणी स्वस्त आहे, सर्वत्र होते. उलट, वय आणि लिंग घालून किडनीची गाळणक्षमता काढणारी सूत्रे म्हणजे केवळ अंदाज. त्यांच्या नादी लागून धडधाकट म्हाताऱ्यांना रुग्ण कशाला ठरवायचे?

आता उत्तर. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. ज्याचे स्नायूच कमी, त्याचे क्रिएटिनिनही कमी तयार होणार. मग पंचविशीतला पैलवान आणि चाळीस किलोची सत्तरीतली आजी यांना एकच मर्यादा कोणत्या न्यायाने लावायची? दोघांचेही क्रिएटिनिन 1.1 धरा. 2021च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने तरुणाची गाळणक्षमता 95च्या आसपास येते, आजीची 54. साठच्या खालचा आकडा तीन महिने टिकला, तर तो दीर्घकालीन किडनीविकार मानला जातो. आकडा एकच, निकाल दोन.

दुसरे असे की, एखाद्याचे क्रिएटिनिन 0.6 वरून 1.2 वर गेले, तर अनेक रिपोर्टांत दोन्ही आकडे ‘नॉर्मल’च ठरतात. पण स्नायू तेवढेच असताना क्रिएटिनिन दुप्पट झाले, याचा अर्थ गाळण निम्म्यावर आले. किंबहुना त्याहून खाली, कारण गाळण घटले की किडनीच्या नलिकांतून बाहेर पडणाऱ्या क्रिएटिनिनचा वाटा वाढतो आणि रक्तातली वाढ काहीशी झाकली जाते. निम्मी किडनी गेली तरी रिपोर्ट गप्प! जुना रिपोर्ट जपून ठेवणारा रोगी या मर्यादेपेक्षा अधिक शहाणा.

सूत्र चुकते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ते कोणत्या दिशेने चुकते, हे वाचकाने तपासावे. किरकोळ बांध्याच्या, कमी स्नायूंच्या माणसात ते गाळणक्षमता खऱ्याहून जास्त दाखवते. म्हणजे आजीचे 54 देखील उदारपणे दिलेले गुण असू शकतात. शिवाय हा आकडा 1.73 चौरस मीटर पृष्ठभागाचे शरीर गृहीत धरतो. आजीच्या लहान शरीराला तो तसाच लावता येत नाही. वजन विचारणाऱ्या 1976च्या कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात हीच आजी 30 वर येते. अनेक औषधांच्या मात्रा याच सूत्रावर बसवलेल्या आहेत. सूत्राचा दोष पूर्वपक्षाला वाचवत नाही. तो त्याला आणखी अडचणीत आणतो.

‘वयानुसार घटणारच’ हेही खरे. पण गुडघेदुखीची गोळी किंवा मेटफॉर्मिन पोटात गेल्यावर किडनी वयाने थकली की रोगाने, हे विचारत नाही. मात्रा क्षमतेवरच ठरली पाहिजे.

एका चाचणीवरून शिक्का मारू नये, हे मात्र मी पूर्वपक्षाइतक्याच आग्रहाने म्हणेन. आदल्या रात्रीचे मटण, मे महिन्यात रानात राबून आटलेले अंगातले पाणी, यांनीही क्रिएटिनिन चढते. म्हणून तपासणी पुन्हा करावी, आणि सोबत लघवीतले अल्ब्युमिनही पाहावे. मधुमेहात क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी ते दिसू लागते. प्रयोगशाळांनी क्रिएटिनिनशेजारी गाळणक्षमतेचा अंदाज छापावा. वय आणि लिंग रिपोर्टवर असतेच; खर्च फक्त एका ओळीचा आहे.