ऑर्गनवादक

ऑर्गनवादक : ऑर्गन हे वाद्य वाजवणारा कलावंत. दाबाखाली आणलेली हवा नळ्यांत सोडून स्वर काढणाऱ्या या वाद्याला हातांनी वाजवायच्या एकाहून अधिक स्वरपट्ट्या, पायांनी वाजवायची एक स्वरपट्टी आणि निरनिराळ्या ध्वनिगुणांच्या नळ्या चालू-बंद करणाऱ्या खुंट्या असतात. मैफलीत काय वाजवायचे, कधी सुरू करायचे आणि कधी थांबायचे हे वादक ठरवतो. चर्च, चित्रपटगृह आणि क्रीडागार या ठिकाणी मात्र ते उपासना, पडद्यावरची कथा किंवा मैदानावरचा खेळ ठरवतो. समोर घडणाऱ्या गोष्टीशी जमलेल्या लोकांना सुरांनी जोडून ठेवणे, हे तिन्ही ठिकाणच्या ऑर्गनवादकाचे मुख्य काम असते.

पूर्वपीठिका : इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील यंत्रज्ञ क्टेसिबिअस याने पाण्याच्या साहाय्याने हवेचा दाब कायम राखणारा ऑर्गन तयार केला. जर्मनीतील नेनिग येथील रोमन काळच्या कुट्टिमचित्रात आखाड्यातील ग्लॅडिएटरांच्या दृश्यांसोबत असा ऑर्गन दिसतो. म्हणजे खेळांच्या आखाड्याशी या वाद्याचे नाते चर्चपेक्षाही जुने आहे. इ. स. 757 मध्ये बायझंटिन सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन याने फ्रँक राजा पेपिन याला ऑर्गन भेट पाठवला. त्यानंतरच्या शतकांत पश्चिम यूरोपातील मठांत आणि चर्चांत हे वाद्य रुजले.

चर्चमधील ऑर्गनवादक : उपासनेपूर्वीचे वादन, सामुदायिक स्तोत्रगायनाची साथ, गायकवृंदाची साथ आणि लोक बाहेर पडताना वाजणारे समारोपाचे वादन ही त्याची नेहमीची कामे. त्यांत स्तोत्राची साथ दिसते त्याहून अवघड असते. मोठ्या दगडी चर्चमध्ये ऑर्गन बहुधा प्रवेशद्वाराच्या वरच्या सज्ज्यात असतो आणि वादकाची पाठ वेदीकडे असते. धर्मगुरूच्या हालचाली तो समोर लावलेल्या आरशात किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहतो. खालच्या लोकांचे गाणे त्याच्यापर्यंत किंचित उशिरा पोहोचते. कानावर येणाऱ्या त्या गाण्यामागे तो गेला, तर लय कडव्यागणिक रेंगाळत जाते. म्हणून तो लय स्वतः धरून ठेवतो आणि ओळ संपली की क्षणभर हात उचलतो. त्या रिकाम्या क्षणात शेकडो लोक एकदम श्वास घेतात आणि पुढची ओळ एकत्र उचलतात.

ऐनवेळी रचून वाजवणे हे त्याचे दुसरे कौशल्य. ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यांची रांग कधी लांबते, कधी लवकर संपते. वादकाला त्या बेताने सुरावट वाढवावी किंवा आटोपती घ्यावी लागते. पूर्वी ही कौशल्ये कमावणेही सोपे नव्हते : ऑर्गनला हवा पुरवणारे विजेचे पंखे येण्यापूर्वी भाते चालवणारी माणसे लागत, त्यामुळे सरावसुद्धा एकट्याने करता येत नसे.

जर्मनीत ल्युबेक येथील सेंट मेरी चर्चचा ऑर्गनवादक डीट्रिख बुक्स्टेहूड याचे वादन ऐकण्यासाठी योहान सेबास्टियन बाख 1705 मध्ये आर्नश्टाटहून पायी गेला होता. फ्रान्समध्ये शार्ल-मारी विडोर याने 1870 पासून साठहून अधिक वर्षे पॅरिसच्या सँ-स्युल्पिस चर्चमध्ये, तर ऑलिव्हिए मेसियाँ याने 1931 पासून 1992 मध्ये निधन होईपर्यंत त्रिनिते चर्चमध्ये सेवा केली. पॅरिसच्याच नोत्र दाम चर्चचा जवळजवळ दृष्टिहीन वादक लुई व्हिएर्न याला 2 जून 1937 रोजी तेथेच वादन चालू असताना मृत्यू आला. एप्रिल 2019 च्या आगीतून नोत्र दामचा सुमारे 8,000 नळ्यांचा मोठा ऑर्गन बचावला. 7 डिसेंबर 2024 रोजी चर्च पुन्हा उघडताना आर्चबिशपांनी या ऑर्गनला आठ वेळा आवाहन केले आणि वादकांनी प्रत्येक आवाहनाला ऐनवेळी रचलेल्या सुरावटीने उत्तर दिले.

चित्रपटगृहातील ऑर्गनवादक : मूकपटांच्या काळात संगीताची जबाबदारी मोठ्या चित्रपटगृहांत वाद्यवृंद व ऑर्गनवादक वाटून घेत, इतरत्र ती एकट्या वादकावर असे. पुष्कळ चित्रपटांबरोबर प्रसंगवार संगीत सुचवणारी टिपणे येत, पण नजर पडद्यावर ठेवून एका भावातून दुसऱ्या भावात जाण्याचे काम वादकाचेच असे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट होप-जोन्स याने एकाच माणसाला वाद्यवृंदाचा परिणाम साधता येईल असा विद्युत-नियंत्रित ऑर्गन घडवला. 1910 मध्ये तो अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीत गेला आणि पुढे ‘वुर्लिट्झर’ हे चित्रपटगृहातील ऑर्गनचे जणू दुसरे नाव झाले. नालाकृती वादनपीठ, थरथरता स्वर, ढोल आणि घंटा यांबरोबर पक्ष्यांची शीळ, मोटारीचा भोंगा, दारावरची घंटा असे आवाजही वादकाच्या हाताशी असत.

1927 च्या ‘द जाझ सिंगर’ नंतर बोलपट पसरले आणि काही वर्षांतच बहुतेक वादकांची नोकरी गेली. तरीही इंग्लंडमध्ये ब्लॅकपूल टॉवरच्या नृत्यगृहात रेजिनल्ड डिक्सन याने 1930 ते 1970 या काळात, मधला युद्धकाळ वगळता, वादन केले. 1932 मध्ये उघडलेल्या न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये दोन वादनपीठांचा वुर्लिट्झर बसवण्यात आला.

मराठी संगीत नाटकात ‘ऑर्गन’ म्हणून ओळखले जाणारे वाद्य मात्र वर वर्णिलेल्या नळ्यांच्या ऑर्गनहून वेगळे आहे. त्यात नळ्यांऐवजी धातूच्या पट्ट्या कंप पावतात आणि हवा पायाने भरली जाते. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात तबला व सारंगीबरोबर ते साथीत होते. गायक नट पद रंगवून लांबवी, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत मागोमाग जाणे हे येथील वादकाचे कसब होते.

क्रीडागारातील ऑर्गनवादक : ही परंपरा मुख्यतः उत्तर अमेरिकेत बेसबॉल आणि आइस हॉकीभोवती वाढली. 1929 मध्ये उघडलेल्या शिकागो स्टेडियममध्ये सहा हातपट्ट्यांचा प्रचंड बार्टन ऑर्गन होता. त्याच शहरातील रिग्ली फील्ड येथे 26 एप्रिल 1941 रोजी प्रमुख बेसबॉल लीगच्या मैदानावर प्रथम ऑर्गन वाजला. लॉरेन्स हॅमंडच्या 1935 सालच्या विद्युत-ऑर्गनला नळ्यांची गरज नसल्याने तो मैदानांसाठी सोयीचा ठरला. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर ग्लॅडिस गुडिंग हिने 1942 ते 1957 या काळात वादन केले. शिकागो व्हाइट सॉक्स संघाची वादक नॅन्सी फाउस्ट (1970–2010) मैदानात येणाऱ्या खेळाडूच्या नावाशी किंवा गावाशी जुळणारे गाणे निवडत असे.

येथे वादकाला सेकंदांचा हिशेब ठेवावा लागतो. खेळ थांबला की सूर सुरू होतो. चार-पाच स्वरांची चढती ललकारी दिली की प्रेक्षक एका आवाजात प्रतिसाद देतात; मात्र चेंडू टाकण्याची तयारी होताच वाद्य गप्प व्हावे लागते. पंचांची खिल्ली उडवणारी सुरावट वाजवल्याबद्दल 1985 मध्ये फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे विल्बर स्नॅप या वादकाला पंचाने सामन्यातून बाहेर काढले होते.

सद्यःस्थिती : लंडनमध्ये स्थापन झालेले रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स (1864) आणि अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स (1896) या संस्था वादकांच्या परीक्षा घेतात. ध्वनिमुद्रित संगीतामुळे चित्रपटगृहांत आणि मैदानांवर वादक कमी झाले असले, तरी मूकपटांचे विशेष खेळ आणि काही बेसबॉल मैदाने यांत प्रत्यक्ष वादन टिकून आहे. लांबलेली रांग, पडद्यावर अचानक पालटलेला प्रसंग किंवा खोळंबलेला सामना पाहून त्याच क्षणी सूर बदलणे मुद्रित संगीताला जमत नाही. ते काम आजही वादकच करतो.